कायले गेल्ते तिकडं?

'मंजुम्मेल बॉईज' (२०२४) या मल्याळम सिनेमात एक प्रसंग आहे. कोडाईकॅनालच्या गुणा केव्ह्जमध्ये फिरायला गेलेल्या टोळीतला सुभाष एका खोल भोकात पडतो. घाबरलेली पोरं पोलीस ठाण्यात धावतात, आणि तिथे मदतीच्या आधी त्यांना मार बसतो. बंदी असताना आत शिरलातच कशाला, आणि मित्राला तुम्हीच तर ढकललं नाही ना, हे आधी. खाली माणूस आहे, हे नंतर.

पुण्यात आम्ही चौघं फ्लॅटमेट हा सिनेमा लॅपटॉपवर बघत होतो. बाकीचे तिघं पोलिसांना शिव्या घालत होते. मी गप्प होतो, कारण मला तो प्रश्न माझ्या बोलीत ऐकू येत होता : "कायले गेल्ते बे तिकडं?"

आमच्या अल्लीपुरात, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात, कुठल्याही अपघातानंतर हा प्रश्न पहिला येतो. ट्रॅक्टर उलटला, पोरगं पुरात वाहून गेलं, रात्री शेतात कुणाला साप चावला, की आधी 'कायले गेल्ता'. हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. विचारणाऱ्याला स्वतःची खात्री करून घ्यायची असते की आपण गेलो नसतो, म्हणजे आपल्याला असं काही होणार नाही.

गेल्या काही वर्षांत गुहेत अडकलेल्या मित्रांवर बरंच काही आलं. त्यातलं बहुतेक मी बघितलंय, काही दोनदा. वॉटरप्रूफ कॅमेऱ्याचं कौतुक, पाण्याखालचं शूटिंग, कुणाचा अभिनय भारी, यावर भरपूर लिहून झालंय. मला हे सगळं एकाच फूटपट्टीने मोजायचंय : 'तिकडं गेलात कशाला' याला ती कलाकृती काय उत्तर देते, आणि ते कुणाच्या तोंडून देते.

पाण्याची वाट

त्याआधी थोडं खडकाबद्दल, कारण त्याशिवाय या गोष्टी नीट कळत नाहीत.

आपल्याकडे गुहा म्हटलं की अजिंठा, वेरूळ, कार्ले आठवतं. ती लेणी आहेत, बेसाल्टमध्ये माणसाने कोरलेली. खांब कुठे, मूर्ती कुठे, पाण्याचं टाकं कुठे, हे आपण आत शिरण्याच्या कित्येक शतकं आधी कुणीतरी ठरवून ठेवलंय. दुसरा प्रकार म्हणजे भुयार. ते प्रत्येक किल्ल्याखालून निघतं, थेट कुठल्या तरी लांबच्या गावात उघडतं, नेमकं आपण जातो तेव्हा बुजलेलं असतं आणि त्यात कुणीच गेलेलं नसतं.

चुनखडकातली गुहा या दोन्हींहून वेगळी असते. पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डायॉक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि खडकाच्या भेगेत शिरतं. चुनखडक त्यात हळूहळू विरघळतो. हजारो-लाखो वर्षांत भेगेची वाट होते आणि वाटेचं दालन होतं. आपला काळा बेसाल्ट असा विरघळत नाही, म्हणून दख्खनच्या पठारावर मैलोन्‌मैल चालाव्या अशा नैसर्गिक गुहा नाहीत. विदर्भात चुनखडक आहे, चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूरकडे. पण आमच्या गावापर्यंत तो सिमेंटच्या पोत्यातूनच येतो.

यातला महत्त्वाचा भाग असा की ही गुहा पाण्याने स्वतःसाठी केलेली वाट असते. कोरड्या दिवसांत आपण तिच्यात उभे असतो तेव्हा पाणी तेवढ्यापुरतं बाहेर गेलेलं असतं. ते केव्हाही परत येऊ शकतं.

थायलंडच्या उत्तरेला, म्यानमारच्या सीमेजवळच्या थाम लुआंग गुहेत तसंच झालं. २३ जून २०१८ रोजी 'वाइल्ड बोअर्स' या फुटबॉल संघातली ११ ते १६ वर्षांची १२ मुलं आणि त्यांचा २५ वर्षांचा प्रशिक्षक एक्कापोल सराव संपवून सायकलींवरून गुहेत गेले. तासाभराचा बेत होता. संघातल्या एकाचा त्या दिवशी वाढदिवस होता. गुहेबाहेरच्या पाटीवर जुलै ते नोव्हेंबर या काळात पुराचा धोका असल्याचा इशारा होता. जुलै लागायला अजून आठवडा होता, पण त्या वर्षी पाऊस आधी आला आणि मागची वाट पाण्याखाली गेली.

पुढचं जगाने टीव्हीवर बघितलं. २ जुलैला रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन या दोन ब्रिटिश डायव्हरांना मुलं सापडली, तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत. ८, ९ आणि १० जुलैला सगळ्यांना भूल देऊन पाण्याखालून बाहेर आणलं गेलं. सामान कुनान हा थाई नौदलाचा माजी सैनिक ६ जुलैला आत हवेचे सिलिंडर पोहोचवून परतताना मेला. बचावकार्यात संसर्ग झालेला आणखी एक नौसैनिक, बेइरुत पाकबारा, पुढच्या वर्षाच्या शेवटी गेला.

कारण नसलेली माणसं

या घटनेवरची सगळ्यात गाजलेली डॉक्युमेंटरी म्हणजे 'द रेस्क्यू' (२०२१). 'फ्री सोलो' करणारे एलिझाबेथ चाय वासार्हेली आणि जिमी चिन हे तिचे दिग्दर्शक. श्वास रोखून बघायला लावणारं काम आहे. मुलांना बाहेर काढायचं तर आधी बेशुद्ध करावं लागेल, हात मागे बांधावे लागतील, आणि वाटेत भूल उतरू लागली तर डायव्हरलाच पुन्हा इंजेक्शन द्यावं लागेल, हे ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस सांगतो तेव्हा कळतं की डायव्हर शेवटपर्यंत हातातलं मूल जिवंत आहे का याच धास्तीत होते.

पण या डॉक्युमेंटरीचा खरा विषय डायव्हर आहेत. स्टँटन निवृत्त अग्निशमन कर्मचारी, व्होलान्थन आयटी कन्सल्टंट. म्हणजे माझ्यासारखाच कुठेतरी कोड आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस, जो सुट्टीच्या दिवशी पाण्याने भरलेल्या बिळांत शिरतो. लहानपणी आपण एकलकोंडे होतो, खेळात कुणी संघात घ्यायचं नाही, असं हे लोक सांगतात. गुहेत बरं वाटायचं म्हणून गेलो. कारण विचाराल तर तेवढंच.

इथे मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. जगातल्या सगळ्या नौदलांना जे जमलं नाही ते या माणसांना जमलं, कारण त्यांनी आयुष्यातली तीस-तीस वर्षं विनाकारण गुहांमध्ये घातली होती. त्यांच्या विनाकारणाला कॅमेरा प्रेमाने जवळ घेतो, बालपणापर्यंत जाऊन समजून घेतो. तेरा जणही विनाकारणच आत गेले होते. त्यांच्याकडे मात्र कॅमेरा जात नाही. ते अंधारातून टॉर्चच्या उजेडात दिसतात, हसतात, आभार मानतात, आणि मग त्यांना गुंडाळून बाहेर आणलं जातं.

याचं एक कारण कायदेशीर आहे. मुलांच्या गोष्टीचे हक्क नेटफ्लिक्सकडे होते आणि डायव्हरांचे नॅशनल जिओग्राफिककडे. एकाच गुहेची अशी वाटणी झाली होती. दिग्दर्शकांनी हाती आलेल्या अर्ध्यातून जे केलं ते उत्तमच आहे. पण बघणाऱ्याला ही वाटणी माहीत नसते. त्याच्या मनात एवढंच उरतं की हुशार प्रौढ माणसांनी बेफिकीर पोरांना वाचवलं. दोघांना आत नेणारी ओढ एकच होती, फरक फक्त वयाचा आणि सामानाचा, हे 'द रेस्क्यू'च्या हाताशी येऊन निसटतं.

बुडालेली शेतं

रॉन हॉवर्डच्या 'थर्टीन लाइव्ह्ज'मध्ये (२०२२) व्हिगो मॉर्टेन्सन आणि कॉलिन फॅरेल आहेत, त्यामुळे हॉलिवूडच्या नायकांची गोष्ट असेल असं वाटतं. ती बऱ्याच अंशी आहेही. तरी हा सिनेमा मला जवळचा वाटला तो एका प्रसंगामुळे. डोंगरावरून गुहेत झिरपणारं पाणी वळवायचं ठरतं. ते खालच्या भातशेतीत सोडावं लागणार. शेतकऱ्यांना सांगितलं जातं की तुमचं पीक जाईल. थोडा वेळ कुणी बोलत नाही, मग ते हो म्हणतात.

कापूस पिकवणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला हा प्रसंग बघताना घशात काहीतरी अडकतं. एका हंगामाचं पीक म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि त्या शेतकऱ्यांना 'ती पोरं तिकडं गेलीच कशाला' असं विचारायचा हक्क सगळ्यात जास्त होता. प्रत्यक्षातही गुहेखालची शेतं बुडाली आणि अनेकांनी भरपाई नाकारली. हॉवर्ड हा प्रसंग दोन मिनिटांत आटोपतो, हीच माझी तक्रार. पाण्याखालच्या ओढाताणीला तासभर आणि या होकाराला दोन मिनिटं.

टॉम वॉलरचा 'द केव्ह' (२०१९) हा थाई सिनेमा या बाबतीत उजवा आहे. सिनेमा म्हणून तो विस्कळीत आहे, काही भूमिका प्रत्यक्ष बचाव करणाऱ्यांनीच केल्यात आणि तो अवघडलेपणा दिसतो. पण त्यात भात बुडालेली शेतकरी बाई आहे, आणि स्वतःचे पंप गाडीवर घालून लांबून आलेला, मग कागदपत्रांच्या फेऱ्यांत अडकलेला माणूस आहे. आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे पंपतज्ज्ञही तिथे गेले होते, त्यात सांगलीचा एक अभियंता होता, आणि किर्लोस्करवाडीत आणखी मोठे पंप विमानाने पाठवायला तयार ठेवले होते. पडद्यावर त्यांना जागा मिळाली नाही, आणि त्याबद्दल अभिमान दुखावून घ्यायचं कारण नाही. हजारो माणसं होती, सगळी कुठल्याच सिनेमात मावणार नाहीत. मुद्दा एवढाच की पंप चालवणाऱ्याने आणि शेत सोडणाऱ्याने तो प्रश्न विचारला नाही. पोरं आत आहेत, पाणी काढायचंय. बस्स.

मुलं स्वतः

'द ट्रॅप्ड थर्टीन' (२०२२, दिग्दर्शन पायलिन वेडेल) ही नेटफ्लिक्सची डॉक्युमेंटरी आपल्याकडे फार कमी लोकांनी बघितली. इथे पहिल्यांदा मुलं बोलतात, तीही मोठी झाल्यावर. कशाला गेलात? गंमत म्हणून. काही जण आधी गेले होते, काहींना बघायची होती. कुणीही एकमेकाकडे बोट दाखवत नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून बघितलं. 'याने नेलं', 'त्याने सांगितलं' असं वाक्य येतं का याची वाट बघत होतो. आलं नाही.

मुलांनी भिंतीतून ठिबकणारं पाणी पिऊन दिवस काढले, दगडांनी भिंत खणायचा प्रयत्न केला. प्रशिक्षक आधी भिक्षू होता, त्याने त्यांना ध्यानाला बसवलं. बाहेर काढायची वेळ आली तेव्हा ज्यांची घरं लांब ते आधी जातील असं ठरलं, कारण त्यांना सायकलने घरी पोहोचायला वेळ लागेल आणि वाटेत इतरांच्या घरी निरोप देता येईल. बाहेर सगळं जग उभं आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती.

या डॉक्युमेंटरीतही खोट आहे. संगीत फार आग्रही आहे आणि शेवट नको तितका गोड. प्रशिक्षकाकडे आणि तीन मुलांकडे तेव्हा कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. ते बचावानंतर मिळालं. ज्याच्याकडे कागद नाही त्याला 'कशाला गेलास' हा प्रश्न किती जड पडू शकतो, यावर रेंगाळायला हवं होतं. तरी ही एकच कलाकृती अशी आहे जिच्यात तो प्रश्न आरोप म्हणून येत नाही. विचारणाऱ्याला खरंच उत्तर हवं असतं.

आणि त्या समाजाने तो प्रश्न कसा हाताळला तेही बघण्यासारखं आहे. मुलं आत असताना डायव्हरांच्या हाती पत्रं गेली-आली. प्रशिक्षकाने पालकांची माफी मागितली. पालकांनी उलट कळवलं की स्वतःला दोष देऊ नकोस. सुटकेनंतर पत्रकारांचे प्रश्न आधी मानसतज्ज्ञांनी तपासले. मग प्रशिक्षक आणि बारापैकी अकरा मुलं सामान कुनानच्या स्मरणार्थ काही दिवस मठात राहिली. बारावा ख्रिस्ती होता. एक माणूस आपल्यामुळे गेला, ही गोष्ट त्या मुलांपासून कुणी लपवली नाही. ती पेलायला त्यांना एक रीत दिली.

दोरी

आता पुन्हा 'मंजुम्मेल बॉईज'कडे. गुणा केव्ह्ज चुनखडकातल्या नाहीत आणि तिथला धोका पुराचा नाही, उभ्या खोल भेगांचा आहे. घटना २००६ची. दिग्दर्शक चिदंबरम आपल्या पोरांना निर्दोष दाखवायला जात नाही. ती दारू पितात, कुंपण ओलांडतात, खडकावर टोळीचं नाव लिहितात. कशाला गेले, याचं उत्तर सिनेमा लपवत नाही : मस्तीत गेले.

तरीही तो त्यांच्या बाजूने उभा राहतो, आणि हे मला त्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. मस्तीत गेलेला माणूस वाचवायच्या लायकीचा उरत नाही का? अग्निशमनवाले खाली उतरायला तयार नसतात तेव्हा कुट्टन दोरी बांधून उतरतो. पाऊस येतो तेव्हा बाकीचे भोकाच्या काठावर आडवे पडून अंगाने पाणी अडवतात. ही टोळी गावात रस्सीखेच खेळणारी आहे, ते सिनेमा सुरुवातीलाच सांगून ठेवतो, आणि शेवटी तीच दोरी ओढली जाते. प्रत्यक्षातल्या कुट्टनला पुढे जीवन रक्षा पदक मिळालं. म्हणजे ठाण्यात मार आणि नंतर पदक, दोन्ही त्याच एका सहलीचं.

सिनेमाचा दोष असा की तो मैत्रीला संकटात सिद्ध करतो. मित्र वर आला म्हणून मैत्री खरी. तो वर आला नसता, तर काठावरच्या त्या पोरांचं पुढे काय झालं असतं? हा सिनेमा कुणी केलेला नाही. मला तो ठाऊक आहे.

विहीर

अल्लीपुरात गुहा नाहीत, विहिरी आहेत. दहावीच्या सुट्टीत, मे महिन्यात, आम्ही चौघं गावाबाहेरच्या एका पडीक विहिरीत पोहायला गेलो. तळाला किती गाळ आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. तिघं वर आलो.

गळ टाकेपर्यंत अर्धं गाव काठावर जमलं होतं. आणि प्रत्येक नवा येणारा माणूस आम्हा तिघांना तेच विचारत होता. कायले गेल्ते? कायले गेल्ते बे? माझ्या बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "थोच म्हने, चाला."

तो म्हणाला नव्हता. मी म्हणालो होतो.

माझं ते उत्तर गावाने लगेच घेतलं, कारण ते सोयीचं होतं. गेलेल्याचीच चूक, मग जिवंत असलेल्यांपैकी कुणाला काही करायचं उरत नाही. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. विहिरीवर जाळीसुद्धा तेव्हा बसली नाही. 'कशाला गेला' या प्रश्नात हेही एक असतं : त्याचं उत्तर मिळालं की विहिरीबद्दल बोलायची गरज राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही काही मित्र बस्तरला गेलो, कांगेर घाटीतली कुटुमसर गुहा बघायला. त्या तिघांतला एक सोबत होता. कुटुमसर चुनखडकातली आहे, पावसाळ्यात बंद असते आणि वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. अरुंद तोंडातून खाली उतरलं की हवा दमट आणि उबदार होते. दिवा फिरला की छतापासून लोंबणारे, जमिनीतून वर आलेले चुन्याचे खांब दिसतात, ओले आणि चकाकणारे. पायाखाली घसरडं होतं. आम्ही एकमेकांचे खांदे धरून चालत होतो आणि लहान पोरांसारखे हसत होतो. आत काही मिळवायचं नव्हतं. मला नोकरी लागल्यापासून इतकी मजा आली नव्हती.

एका दालनात वाटाड्याने दिवा बंद केला. डोळ्यासमोर हात धरला तरी दिसेना. कुठेतरी थेंब पडत होता.

बाहेर येऊन आम्ही बूट धूत होतो. तेव्हा तो मित्र अगदी सहज म्हणाला, "थ्या दिवशी तूच म्हनलं होतं ना, चाला?"

मी हो म्हटलं. त्याला बारा वर्षं माहीत होतं आणि त्याने कधी काढलं नव्हतं. त्याने दुसरा बूट घासायला घेतला.

म्हणून मी या सिनेमांकडे त्रयस्थपणे बघू शकत नाही, हे तुम्हाला सांगून टाकलेलं बरं. पण माझं बाजूला ठेवूनही मला असं वाटतं की या सगळ्यांत 'द ट्रॅप्ड थर्टीन' मोठी आहे, तिच्यातल्या गोडव्यासकट. बाकीच्यांनी बचाव दाखवला आणि उत्तम दाखवला. तिने मुलांना गंमत म्हणून गेलो असं म्हणू दिलं आणि त्यापुढे स्वतःचा शेरा मारला नाही. व्होलान्थन, कुट्टन आणि वाढदिवसाच्या दिवशी आत शिरलेला पोरगा यांना एकाच रांगेत बसवून बघा. तिघांकडेही दुसरं उत्तर नाही. ते उत्तर पुरेसं आहे हे मान्य केल्यावरच पाटीवर कुठला महिना लिहायचा, विहिरीवर जाळी कधी बसवायची आणि दोरी कुठे ठेवायची, याबद्दल बोलता येतं. पोरं तर जाणारच आहेत.

त्याची आई अजून गावात त्याच घरात राहते. मी दिसलो की चहा केल्याशिवाय सोडत नाही. आपल्याच पोराने बाकीच्यांना नेलं, असं ती इतकी वर्षं समजून आहे, आणि एकदा तिने मलाच सॉरी म्हटल्यासारखं केलं होतं. यंदा दिवाळीत घरी गेलो की काकूला सांगायचंय, की तो नव्हता म्हणाला. मी म्हणालो होतो. आणि ती विचारेल, कायले गेल्ते, तर खरं तेच सांगायचं. ऊन होतं काकू. आम्हाले मजा करायची होती.